घर परवडतं की नाही, हे जमीन ठरवते

"भांडवलशाहीत घरं महाग आणि समाजवादात स्वस्त, असंच ना?" हा प्रश्न श्रोत्यांकडून वारंवार येतो. उत्तर इतकं सरळ नाही. आजचा भाग त्यावरच आहे.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. घराच्या किमतीत दोन किमती असतात: बांधकामाची आणि खालच्या जमिनीची. सिमेंट-सळईचा खर्च दादरमध्ये आणि नागपुरात फार वेगळा नसतो. मोठा फरक असतो तो जमिनीचा. रेल्वे आली, मेट्रो आली की जमिनीचा भाव चढतो. त्यासाठी मालकाला काहीच करावं लागत नाही, शहर वाढतं म्हणून भाव वाढतो. मग ही वाढ कोणाच्या खिशात जाते? माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे.

सोव्हिएत संघात जमीन सरकारची आणि शहरांतली बहुतेक घरंही सरकारची. भाड्याचे दर १९२८ मध्ये ठरले आणि अनेक दशकं तसेच राहिले. म्हणजे घर परवडायचं, पण मिळायचं नाही. १९५७ नंतर ख्रुश्चेव्ह यांनी पाच मजली इमारतींचा धडाका लावला, तरी कुटुंबं वर्षानुवर्षं यादीत थांबलेली. किंमत गेली आणि तिच्या जागी रांग आली. रांग आली की वशिलाही आलाच.

आता सिंगापूर बघा. एकदम व्यापारी देश. पण तिथली सुमारे ९० टक्के जमीन सरकारच्या मालकीची आहे. १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ स्थापन झालं. १९६६ च्या भूसंपादन कायद्याने सरकारला जमिनी बाजारभावापेक्षा कमी दरात घेता आल्या. त्यांवर बांधलेले फ्लॅट लोकांना ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने विकले जातात आणि हप्ता भविष्य निर्वाह निधीतून भरता येतो. आज तिथले जवळपास ८० टक्के रहिवासी अशा घरांत राहतात. याची किंमत जुन्या जमीनमालकांनी मोजली. शिवाय ९९ वर्षं संपली की घर सरकारकडे परत जातं, हेही विसरू नका.

तिसरं उदाहरण व्हिएन्नाचं, कारण मुंबईशी तुलना तिथेच होते. पहिल्या महायुद्धात तिथे भाडी गोठवली गेली. भाड्यातून कमाई नाही म्हटल्यावर जमिनीचे भाव पडले आणि महापालिकेने स्वस्तात जमीन घेतली. १९२३ मध्ये खास गृहनिर्माण कर लावला: मोठ्या, आलिशान घरांना जास्त, छोट्या घरांना कमी. त्यातून १९३४ पर्यंत ६० हजारांहून जास्त घरं उभी राहिली. आजही जवळपास निम्मे व्हिएन्नावासी पालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. त्रुटी आहेच: शहरात नव्याने आलेल्याला पालिकेचं घर लगेच मिळत नाही.

मुंबईनेही भाडं गोठवलं. १९४७ च्या कायद्याने ते साधारण १९४० च्या पातळीवर अडकलं. आतल्या भाडेकरूला संरक्षण मिळालं, हे खरंच. पण त्या प्रमाणात नवी घरं बांधली गेली नाहीत. भाड्यातून डागडुजीही निघेना, मग चाळी खचत गेल्या. वरून पगडी आली, म्हणजे स्वस्त भाड्याच्या खोलीत शिरण्यासाठी एकरकमी मोठी रक्कम. १९७६ मध्ये कमाल जमीन धारणा कायदा आला. त्यातली बरीच जमीन घरांसाठी सुटण्याऐवजी अडकूनच पडली. २००७ मध्ये राज्याने तो रद्द केला, तरी घरं काही सामान्यांच्या आवाक्यात आली नाहीत. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी होती! एकीकडे झोपडपट्टी, दुसरीकडे कुलूपबंद फ्लॅट.

म्हणून "सरकार की बाजार" या वादात मला फार रस नाही. सिंगापूर आणि व्हिएन्ना राजकारणात दोन टोकांना, पण दोघांनी जमीन आधी हातात घेतली आणि मग सतत बांधत राहिले. नुसतं भाडं गोठवलं तर आतले सुखी आणि बाहेरचे बाहेरच राहतात. नुसतं मोकळं सोडलं तर वाढीचा मलिदा जमीनवाल्याकडे जातो.

पुढच्या वेळी तुमच्या शहरात मेट्रोची घोषणा झाली की बघा, आजूबाजूची जमीन कोणाची आहे आणि तिथे परवडणाऱ्या घरांसाठी किती राखली आहे. काय दिसलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!