काडी लावली, निळी पेटली. पण दारू कोणती?

‘डॉक्टर, काडी लावून बघितली, चांगली निळी पेटली. म्हणजे माल अस्सलच ना?’ हा प्रश्न मला दवाखान्यात इतक्या वेळा ऐकावा लागतो, की आज त्याचे उत्तर सविस्तरच देतो. दारू पिऊ नये हे माझे मत वाचकांना ठाऊक आहेच. ते पुन्हा सांगत बसत नाही.

पेयातला मद्यार्क, म्हणजे इथिल अल्कोहोल, मोजण्याचे जुने व स्वस्त साधन म्हणजे हायड्रोमीटर. डेअरीत दुधात सोडतात त्या लॅक्टोमीटरचाच हा भाऊ. २० अंश सेल्सिअस तापमानाला एक मिलिलिटर पाण्याचे वजन सुमारे एक ग्रॅम भरते, तर तेवढ्याच मद्यार्काचे ०.७८९ ग्रॅम. म्हणून मद्यार्क जितका जास्त, तितकी नळी खोल बुडते. द्रव गरम असेल तर ती आणखी बुडते, त्यामुळे तापमान पाहून कोष्टकावरून आकडा दुरुस्त करावा लागतो. गोड पेयात मात्र हे साधन साफ फसते, कारण साखर द्रवाला जड करते. मग प्रयोगशाळेत मोजून घेतलेले पेय उकळतात व वाफ थंड करून गोळा करतात. साखर मागे भांड्यातच राहते. जमलेल्या अर्कात डिस्टिल्ड वॉटर घालून मूळ माप पुरे करायचे आणि त्याची घनता काढायची. व्हिस्कीच्या बाटलीवरचा ४२.८ टक्के हा आकडा असा पडताळता येतो. (जाता जाता: आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे ५२ मिलिलिटर मद्यार्क, जवळजवळ दोन मोठे पेग. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा.)

आता खरा धोका. मिथिल अल्कोहोल, म्हणजे मिथेनॉल, हे कारखान्यात वापरायचे विषारी रसायन. त्याच्या एका मिलिलिटरचे वजन ०.७९२ ग्रॅम, म्हणजे मद्यार्काइतकेच म्हणा ना! हायड्रोमीटरला दोन्ही सारखेच. तो किती ते सांगतो, कोणते ते सांगत नाही. काडीचेही तसेच. मिथेनॉलही निळसर ज्योतीने जळते. वास आणि चवीवर तर मुळीच विसंबू नये. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली, ती या मिथेनॉलनेच.

दोघांना वेगळे ओळखते ते गॅस क्रोमॅटोग्राफी हे यंत्र. नमुन्याची वाफ एका लांब, बारीक नळीतून सोडतात. मिथेनॉल आधी बाहेर पडते, मद्यार्क मागून येतो, आणि आलेखावर दोन वेगळी टोके उमटतात. हे यंत्र प्रयोगशाळेत असते, गुत्त्यावर नसते.

यकृतात मिथेनॉलचे शेवटी फॉर्मिक आम्ल बनते. मुंगी चावल्यावर आग होते त्या जातीचेच हे आम्ल; ते डोळ्यांची नस जाळते. याला वेळ लागतो. बहुधा बारा ते चोवीस तास, सोबत साधी दारूही प्यायली असेल तर त्याहूनही अधिक. म्हणून लोक उतारा न पडल्याचे समजून झोपून राहतात. मळमळ, पोटात तीव्र दुखणे, धाप, नजरेसमोर धुके किंवा पांढरे पांढरे दिसणे यांतले काहीही झाले तर तडक मोठे रुग्णालय गाठा. तेथे विषाचे आम्ल होणे थांबवणारे औषध देतात, गरज पडल्यास डायलिसिस करतात. घरी लिंबूपाणी किंवा आणखी दारू पाजत बसू नका. उरलेली दारू ओतून न टाकता बूच लावून सोबत न्या, म्हणजे तपासणीला नमुना मिळेल. आणि त्या बैठकीत जे जे प्यायले असतील त्या सर्वांना, काही त्रास नसला तरी, लगेच बोलावून घ्या.