चारचौघांत बोलायची सवय : शाळेतला मीना-राजू मंच नेमकं काय करतो?

नांदेड/लातूर : पोरगी सातवी-आठवी झाली की घरात प्रश्न निघतो. पुढची शाळा दुसऱ्या गावाला, एसटीची वेळ जमत नाही, आणि दसरा-दिवाळी झाली की मायबाप ऊसतोडीला जाणार. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर यात नवीन काही नाही. वयात आलेली पोरगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही आईबापाची काळजी. दुसरीकडं मुकादमाची उचल मिळते कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पोराचं लग्न हंगामाआधी उरकलं की त्या घराचा एक कोयता वाढतो. दोन्ही घरांचं गणित जुळतं. पोरीला मात्र कुणी विचारत नाही. विचारलं तरी ती खाली मान घालते, कारण मोठ्या माणसांपुढं बोलायची तिला सवयच नसते.

ही सवय लावायची एक जागा जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, ती म्हणजे मीना-राजू मंच.

मीना ही कार्टूनमधली मुलगी. दक्षिण आशियातल्या मुलींसाठी युनिसेफनं १९९० च्या दशकात ती तयार केली, आणि तिला रूप देण्यात आपल्याकडचे अ‍ॅनिमेशनकार राम मोहन यांचा मोठा वाटा. राजू तिचा भाऊ, मिठू तिचा पोपट. एका गोष्टीत मीनाला शाळेत धाडत नाहीत. मग ती मिठूला शाळेच्या खिडकीपाशी पाठवते आणि तो ऐकून येईल ते शिकते. मोजणी येऊ लागल्यावर कोंबड्या मोजताना एक कमी भरते, आणि चोर सापडतो. दुसऱ्या गोष्टीत आंब्याची मोठी फोड राजूला मिळते, म्हणून दोघं एक दिवस कामं बदलून बघतात. मीनाचं काम किती असतं, ते राजूला त्या दिवशी कळतं.

मंचात साधारण सहावी ते आठवीची मुलं-मुली असतात. एक शिक्षक, बहुतेक ठिकाणी बाई, सोबत असतात. त्यांना सुगमकर्ता म्हणतात. बाईंनी भाषण द्यायचं नसतं, पोरांना बोलतं करायचं असतं. गोष्ट ऐकायची आणि मग आपल्या गावात असं होतं का, यावर बोलायचं. बैठकीत काय ठरलं ते वहीत एका मुलीनं लिहायचं, पुढच्या बैठकीत दुसऱ्यानं वाचून दाखवायचं. वर्गातली एखादी मुलगी आठ दिवस आली नाही तर दोघी-तिघींनी तिच्या घरी जाऊन विचारायचं. कापूस वेचणीच्या दिवसांत हे काम फार. दुसऱ्याच्या ओसरीवर उभं राहून, ‘काकू, तुमची पोरगी शाळेत का येईना?’ असं विचारायला जी धीटाई लागते, ती पुस्तकातून येत नाही. पहिल्यांदा आवाज कापतो, चौथ्या-पाचव्या घरी कापत नाही.

काही शाळांत मुलं मंत्रिमंडळही निवडतात. मोबाईलच्या अ‍ॅपवर बटण दाबून मतदान होतं, बोटाला शाई लावतात. मजा येते. पण निवडून आलेल्या ‘पाणीमंत्र्या’ला टाकी धुऊन घ्यायचा अधिकार नसेल, तर ती मजा निकालाच्या दिवशीच संपते.

मंचाचंही तसंच आहे. २४ सप्टेंबरला मीना दिवस करायचा, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे आणि वर्षभर वही कपाटात, हे काही कामाचं नाही. आणखी एक खोड म्हणजे दरवेळी पाटलाची नाही तर मास्तरांचीच पोरगी पुढं. जी बोलते तिलाच बोलायला लावून काय मिळणार? गप्प बसणाऱ्या लेकराची पाळी यायला पाहिजे.

लग्न थांबवणं हे काही लेकरांच्या मंचाचं काम नाही, आणि तो भार त्यांच्यावर टाकूही नये. मुलीनं मैत्रिणीला सांगावं, मैत्रिणीनं बाईंना सांगावं, एवढं झालं तरी पुष्कळ. पुढचं काम मोठ्यांचं. २००६ च्या कायद्यानं मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ लागतं. बालविवाह लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. १०९८ वर फोन फुकट लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं आढळलं. म्हणजे पाचातली एक.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. बैठकीला गेलात की खिचडी आणि छताच्या पत्र्यासोबत हेही विचारा : मंचाची बैठक कोणत्या वारी असते, आणि मागच्या बैठकीची वही कुणी लिहिली? वही मागून बघा. दरवेळी अक्षर एकाच मुलीचं असेल, तर बाईंना तेही सांगा.