त्वचातज्ज्ञ व्हायचे, पण कोणते?

त्वचातज्ज्ञ म्हटले की डोळ्यांपुढे येते ते चकचकीत क्लिनिक, लेझर आणि ‘ग्लो’. या क्षेत्रात करिअर करू पाहणाऱ्यांनी आधी पदवीचे पूर्ण नाव वाचावे: एमडी डर्मेटॉलॉजी, व्हेनेरिऑलॉजी अँड लेप्रसी. म्हणजे त्वचारोगाबरोबर गुप्तरोग आणि कुष्ठरोगही. इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, मग नीट-पीजी आणि त्यानंतर आणखी ३ वर्षे. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत समोर येतात ते नायटा, खरूज, सोरायसिसचे रुग्ण. गोरेपणाची चौकशी फार नंतर.

दुसरी वाट छोटी आहे. दहावीनंतर आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करता येतो. त्यातून फेशियल, मेकअप शिकता येते; रोगनिदान करण्याचा वा औषध देण्याचा अधिकार मिळत नाही. गडबड होते ती नेमकी इथेच. नायट्यावर कुणीतरी सुचवलेले स्टेरॉइडचे मलम लावले की खाज थांबते, गिऱ्हाईक खूश होते आणि बुरशी मात्र पसरत राहते. तेच मलम उजळपणासाठी महिनोन्महिने चेहऱ्याला चोळले, तर त्वचा पातळ आणि लाल होते, बायकांच्या गालांवर लव वाढते.

तरीही पार्लरमधल्या जाणत्या हातांचे मोल मोठे आहे. मसाज करताना दंडावर किंवा पाठीवर एखादा फिकट चट्टा दिसला आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. अशा ग्राहकाला क्रीम विकण्याऐवजी सरकारी दवाखान्यात पाठवावे. तिथे ६ किंवा १२ महिन्यांचा बहुविध औषधोपचार मोफत मिळतो. तो वेळेत सुरू झाला, तर हातापायांत येणारी विकृती टळू शकते.