रात्रीची भाकर सकाळी

उरलेल्या भाकरीबद्दल वऱ्हाडातल्या एकाच घरात दोन टोकांची मतं सुखाने नांदतात. एका मतानुसार शिळं ते वाईटच, गाईपुढे टाकून मोकळं व्हावं. दुसऱ्यानुसार शिळी पोळी दुधात भिजवून खाल्ली की साखर आणि रक्तदाब दोन्ही ताळ्यावर येतात. हे दुसरं मत हल्ली मोबाइलवरच्या संदेशांनी भलतंच फोफावलंय. दोन्ही मतं चुकतात ती एकाच ठिकाणी. अन्न शिळं होणं ही एक क्रिया आणि ते नासणं ही दुसरी. दोन्ही एकाच वेळी चालू असू शकतात, पण त्यांची कारणं निराळी आणि त्यावरचे उपायही निराळे. हा फरक कळला की कुस्करा कशाचा करायचा आणि उकिरड्यावर काय टाकायचं, हे ठरवायला फारसा विचार करावा लागत नाही.

भाकर कडक होते ती वाळल्यामुळे, हा पहिला गैरसमज. अमरावती-अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा उघडी भाकर वाळते हे खरंच. पण घट्ट झाकलेल्या डब्यातली भाकरही सकाळपर्यंत कडक होते, त्याचं काय? बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये दाखवून दिलं की पाणी अजिबात उडू दिलं नाही तरी पाव शिळा होतो, आणि तोच पाव पुन्हा तापवला की मऊ पडतो. कारण पिठातल्या स्टार्चमध्ये आहे. भाजताना स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात. गार होताना त्यातले रेणू पुन्हा एकमेकांना बिलगून घट्ट रचना करतात. ही रचना फ्रीजच्या तापमानाला सगळ्यात वेगाने होते. त्यामुळे पोळ्या ताज्या राहाव्यात म्हणून फ्रीजमध्ये ठेवल्या, तर बुरशी लांबते पण शिळेपणा लवकर येतो. ठेवायच्याच असतील तर फ्रीजरमध्ये गोठवाव्यात, तिथे ही क्रिया जवळपास थांबते. तापमान ६० अंशांच्या वर गेलं की रचना बरीचशी सुटते. म्हणून पाण्याचा हात लावून तव्यावर टाकलेली शिळी पोळी पुन्हा लुसलुशीत होते. मात्र ती लगेच खावी, कारण गरम करताना पाणी उडालेलं असतं आणि दुसऱ्यांदा ती चामड्यासारखी होते.

स्वयंपाकात हा शिळेपणा कामाचा आहे. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे शिळी भाकर हाताने सहज कुस्करते. गव्हाची पोळी चिवट होते आणि तिचे तुकडेच करावे लागतात. कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे, कढीपत्ता यांच्या फोडणीत कुस्करा टाकायचा, पाण्याचा हबका मारायचा आणि झाकण ठेवून वाफ काढायची. ताज्या पोळीचा हाच प्रकार केला तर लगदा होतो, कारण तिचा स्टार्च मऊ असतो आणि पाणी लागताच विरघळल्यासारखा होतो. वरणात सोडलेल्या पोळीच्या पट्ट्यांचंही तेच. पुण्या-मुंबईहून आता घरात येऊ लागलेल्या सॉरडो पावालाही हा नियम लागू पडतो. तो आंबवलेला असल्याने मुळातच आंबट असतो, तेव्हा फोडणीत लिंबू पिळताना हात आखडता घ्यावा. कडा जाड असतात, त्या आधी ताकात भिजवाव्यात. सॉरडो ग्लुटेनमुक्त असतो ही समजूत मात्र चुकीची. तो गव्हाचाच असतो, आणि ज्यांना सिलिॲक आजार आहे त्यांच्यासाठी ज्वारीची भाकर सोडून सॉरडो घेणं घातक.

‘मग शिळं खायला हरकतच नाही का?’ असं कोणी विचारेल. आहे, नासलेलं असेल तर. पावावर किंवा पोळीवर बुरशीचा ठिपका दिसला की तेवढा भाग कापून उरलेलं खाण्याची सवय अनेकांना असते. पण मऊ, सच्छिद्र अन्नात बुरशीचे धागे दिसणाऱ्या ठिपक्याच्या बरेच पलीकडे गेलेले असतात, आणि काही बुरशींची विषं नेहमीच्या भाजण्या-तळण्याने पूर्ण नष्ट होत नाहीत. उन्हाळ्यात पावाचा आणखी एक रोग होतो. पाव मोडला की आतून चिकट तंतू निघतात आणि जास्त पिकलेल्या फळासारखा वास येतो. हे जिवाणूंचं काम. सॉरडोच्या आंबटपणामुळे ते रोखले जातात, साध्या पावात नाही. शिळ्या भाताची गोष्ट तर आणखी वेगळी. त्यात ओल भरपूर असते, रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात एक जिवाणू असं विष तयार करू शकतो की फोडणी देऊनही ते जात नाही. म्हणून भाकरीला लावलेला न्याय भाताला लावू नये.

आता साखरेचं औषध. भाकर-पोळी गार झाली की त्यातला थोडा स्टार्च पचायला अवघड होतो, त्यामुळे साखर थोडी सावकाश चढू शकते. इथपर्यंत संदेशात तथ्य आहे. पण हा फरक माफक असतो, पुन्हा गरम केल्यावर आणखी घटू शकतो, आणि दुधातल्या चार पोळ्या शेवटी चार पोळ्याच. गोळी बंद करायला तो आधार पुरत नाही.

राहिला गाईचा प्रश्न. बुरशी लागलेली भाकर तिच्यापुढे टाकून पुण्य मिळतं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन असेल तर ते रूप बदलून दुधातून परत घरात येतं, एवढं मात्र नक्की. आणि चांगल्या पोळ्यासुद्धा जास्त झाल्या तर गुरांच्या पोटात आम्ल वाढतं. पोळ्याला बैलांना कौतुकाने पुरणपोळ्या चारताना दोन-तीनवर थांबावं.