डोंगल लिनक्सवर का चालत नाही, आणि कसं चालवायचं



मागच्या व्याख्यानात आपण जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स कसं बसवायचं ते पाहिलं. आज पुढची पायरी. लिनक्स नीट बसलं, पडदा आला, मराठी अक्षरंही दिसायला लागली. मग आपण यूएसबीत इंटरनेटचं डोंगल लावतो आणि काहीच होत नाही. तेच डोंगल विंडोजवर दोन मिनिटांत चालू झालेलं असतं. साहजिकच माणूस म्हणतो, 'लिनक्सचं हे असंच.' शाळेला किंवा वाचनालयाला देणगीत मिळालेलं चांगलं मशीन मग कपाटात जातं. जिथे ब्रॉडबँडची तार पोचलेली नाही तिथे डोंगल हाच बाहेर जायचा एक दरवाजा असतो. तो उघडत नसेल तर मशीन असून नसल्यासारखं. म्हणून आजचा सगळा वेळ या एका दरवाजासाठी.

पहिली गोष्ट लक्षात घेऊ. बहुतेक वेळा डोंगल बिघडलेलं नसतं आणि लिनक्सही बिघडलेलं नसतं. डोंगल त्या क्षणी मोडेम नसतंच. ते सीडी असतं!

हे जरा उलगडून सांगायला हवं. पूर्वी मोडेमबरोबर ड्रायव्हरची सीडी यायची. ती हरवायची. मग कंपन्यांनी युक्ती केली, ड्रायव्हर डोंगलच्याच पोटात ठेवला. यूएसबीत लावलं की डोंगल आधी सांगतं, 'मी सीडी ड्राइव्ह आहे.' विंडोज ती सीडी उघडतं, त्यावरचा प्रोग्राम चालतो, ड्रायव्हर बसतो आणि तो ड्रायव्हर डोंगलला निरोप देतो, 'आता सीडीचं सोंग पुरे, मोडेम हो.' बेल्जियममधल्या ऑप्शन नावाच्या कंपनीने या सोयीला 'झिरोसीडी' नाव दिलं होतं. लिनक्सवर तो विंडोजचा प्रोग्राम चालत नाही. निरोप जात नाही. डोंगल बिचारं सीडी होऊन बसून राहतं.

मग आपण काय करायचं? तर तो निरोप आपण द्यायचा. पण त्याआधी आपलं निदान बरोबर आहे का ते तपासू.

टर्मिनल उघडा आणि 'एलएसयूएसबी' ही कमांड द्या. यूएसबीला काय काय जोडलंय त्याची यादी येते. प्रत्येक ओळीत दोन आकडे असतात, मध्ये विसर्गासारखं चिन्ह. पहिला आकडा कंपनीचा, दुसरा वस्तूचा. हुआवेचा आकडा १२डी१, झेडटीईचा १९डी२. हुआवेची बरीच डोंगलं सीडीच्या रूपात १४४६ हा आकडा दाखवतात आणि मोडेम झाल्यावर १००१ किंवा १४३६ असा दुसरा दाखवतात. झेडटीईचं २००० दिसलं तर तेही सीडीचंच रूप. म्हणजे रूप बदललं की ओळखपत्रही बदलतं. डोंगल लावल्यावर लगेच एकदा आणि अर्ध्या मिनिटाने पुन्हा ही यादी बघायची. आकडा तोच राहिला तर आपलं निदान पक्कं.

निरोप देण्याचं काम 'यूएसबी मोडस्विच' नावाचा छोटा प्रोग्राम करतो. योझुआ डीत्से यांनी तो लिहिला आणि मोफत दिला. निरोप तरी केवढा? पुष्कळ डोंगलांसाठी फक्त ३१ बाइटचा. कोणत्या डोंगलला कोणता निरोप, याची यादी प्रोग्रामबरोबर वेगळ्या पॅकेजमध्ये येते, तेही बसवायचं. एकदा दोन्ही बसली की पुढे आपल्याला काही करावं लागत नाही. डोंगल लावताच रूप आपोआप बदलतं.

आता खरी गोची इथे आहे, बरं का. हा प्रोग्राम उतरवायला इंटरनेट लागतं आणि इंटरनेट चालू व्हायला हा प्रोग्राम लागतो. (हशा) यावर दोन उपाय. बऱ्याच लिनक्समध्ये तो आधीपासून असतो, ते आधी बघून घ्या. नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो फोन साध्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोनही नसेल तर दुसऱ्या मशीनवर पॅकेज उतरवून पेनड्राइव्हवरून आणायचं.

रूप बदललं. पुढे काय? कर्नलमधला 'ऑप्शन' नावाचा ड्रायव्हर पुढे येतो. हो, त्याच बेल्जियन कंपनीचं नाव. आज तो इतर कंपन्यांची डोंगलंही सांभाळतो. तो 'टीटीवाययूएसबी' नावाचे दोन-तीन पोर्ट तयार करतो, शून्य, एक, दोन असे. 'डीमेसेज' कमांड दिली की ते शेवटच्या ओळींत दिसतात. एका डोंगलला इतके पोर्ट कशाला? एकावरून डेटा जातो, दुसऱ्यावरून सिग्नलची विचारपूस होते, एखादा कंपनीच्या तपासणीसाठी असतो. चुकीच्या पोर्टवर हाका मारल्या तर उत्तर येत नाही. तेव्हा घाबरू नका, पुढचा पोर्ट घ्या.

आता मोडेमशी बोलायचं. ही भाषा १९८१ची, हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमची. प्रत्येक वाक्य 'एटी'ने सुरू होतं, म्हणजे 'अटेन्शन', इकडे लक्ष दे. नुसतं 'एटी' पाठवलं आणि 'ओके' आलं, की मोडेम जिवंत आहे. मग तीन प्रश्न विचारायचे.

'सीपिन': सिम तयार आहे का? 'रेडी' यायला हवं. सिमला पिन लावला असेल तर मोडेम तो आधी मागतो.

'सीएसक्यू': सिग्नल किती? उत्तर ० ते ३१. दहाच्या वर असेल तर काम होतं. ९९ आलं तर मोडेमला सिग्नल मोजताच आलेला नाही. खिडकीपाशी जाऊन पुन्हा बघा.

'सीरेग': नेटवर्कने घरात घेतलं का? दुसरा आकडा १ असेल तर हो, ५ असेल तर रोमिंगवर, २ म्हणजे अजून शोधतोय, ३ म्हणजे नकार.

हे तिन्ही जमलं की डायल. नंबर असतो तारा, नव्व्याण्णव, हॅश. हा फोन कुणाला लागत नाही. 'डेटा चालू कर' एवढाच त्याचा अर्थ. सोबत एपीएन द्यावा लागतो, म्हणजे कंपनीच्या जाळ्यातल्या कोणत्या फाटकातून बाहेर पडायचं ते. बीएसएनएलसाठी बीएसएनएलनेट, जिओसाठी जिओनेट. एपीएन चुकला तर सिग्नल भरपूर असूनही जोडणी होत नाही. नेटवर्क मॅनेजरमध्ये 'मोबाइल ब्रॉडबँड' निवडलं की देश आणि कंपनी विचारून तो हे सगळं स्वतः भरतो. ज्यांना टर्मिनल आवडतं त्यांच्यासाठी 'डब्ल्यूव्हीडायल' आहे. मात्र दोन्ही एकाच वेळी चालवू नका. एकाने पोर्ट धरला की दुसऱ्याला 'पोर्ट व्यस्त' असं उत्तर मिळतं. आणि 'परवानगी नाही' आलं तर डेबियन, उबंटूवर आपलं नाव 'डायलआउट' गटात घालायचं आणि लॉगआउट करून परत यायचं.

जोडणी झाली, तरी पान उघडत नाही? मग आठ-आठ-आठ-आठ या पत्त्याला पिंग करा. उत्तर आलं तर रस्ता ठीक आहे, फक्त नावावरून पत्ता शोधणारा डीएनएस बसवायचा राहिलाय.

श्रोत्यांतून एक प्रश्न आलाय: "हे सगळं केलं, तरी 'सीरेग' दोनवरच अडकतं." चांगला प्रश्न. डोंगल ३जीचं आहे का ते बघा. जिओचं जाळं २०१६ मध्ये ४जीवरच सुरू झालं, तिथे ३जी डोंगल चालणारच नाही. एअरटेलनेही आपलं ३जी बंद केलंय. अशा वेळी लिनक्सशी झगडण्यात अर्थ नाही. नवीन डोंगल घेणार असाल तर स्वतःच राउटर असलेलं घ्या. ते लिनक्सला नेटवर्क कार्डासारखं दिसतं, एपीएन वगैरे ब्राउझरमध्ये भरायचं, डायल करायची भानगड नाही.

तर क्रम एवढाच: दिसतंय का, रूप बदललं का, पोर्ट आले का, सिम आणि सिग्नल आहे का, एपीएन बरोबर का, नाव सापडतंय का. एका वेळी एकच प्रश्न विचारायचा आणि 'नाही' आलं तिथेच थांबून दुरुस्त करायचं. पुढची पायरी आधी तपासून उपयोग नसतो. कपाटातलं मशीन बाहेर काढाल तेव्हा हा क्रम कागदावर लिहून शेजारी ठेवा.