अंडाशय आणि अवखळपणा

मादी कुत्र्याची नसबंदी करून घ्यावी, या सल्ल्यात दोन वेगळ्या अपेक्षा सहसा एकत्र मिसळलेल्या असतात. नको असलेली पिल्ले आणि गर्भाशयाचे पुढे उद्भवणारे आजार टळावेत, ही पहिली अपेक्षा शरीरशास्त्राच्या भक्कम पायावर उभी आहे. चपला कुरतडणारी, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणारी, पट्टा ओढून माणसाला फरफटत नेणारी आठ-दहा महिन्यांची कुत्री ऑपरेशननंतर 'शांत' होईल, या दुसऱ्या अपेक्षेला मात्र तसा आधार सापडत नाही. गेल्या तीन-चार दशकांत झालेल्या अभ्यासांतून दिसते ते असे की, या शस्त्रक्रियेने माजाशी निगडित वागणे थांबते, भूक वाढते आणि मूळचा अवखळपणा जवळपास होता तसाच राहतो.

नसबंदी हा शब्द रूढ असला तरी मादीच्या बाबतीत कोणतीही नस बांधली जात नाही. बहुतेक ठिकाणी दोन्ही अंडाशये आणि गर्भाशय काढून टाकले जाते, तर युरोपातील अनेक पशुवैद्य गर्भाशय तसेच ठेवून केवळ अंडाशये काढतात. वागणुकीच्या दृष्टीने या दोन पद्धतींत विशेष फरक पडत नाही, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके, म्हणजे रक्तावाटे शरीरभर पोहोचून अवयवांच्या कामाचे नियमन करणारी रसायने, मुख्यतः अंडाशयांतूनच स्रवतात. आता ही संप्रेरके कुत्रीच्या शरीरात केव्हा आणि किती काळ असतात हे पाहिले की पुढचा बराचसा गुंता सुटतो. कुत्री साधारणपणे सहा-सात महिन्यांतून एकदा माजावर येते, तो माज दोन ते तीन आठवडे टिकतो, त्यानंतर सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉनचा अंमल असतो आणि मग कित्येक महिन्यांचा विरामकाळ येतो, ज्यात अंडाशये जवळजवळ निद्रिस्त असतात. नर कुत्र्याच्या अंगात प्रौढपणी टेस्टोस्टेरॉनचा पुरवठा सततचा असतो. मादीचे तसे नाही. वर्षातील मोठा काळ जी संप्रेरके तिच्या रक्तात नाममात्रच असतात, त्यांच्यामुळे ती रोज सकाळी सोफ्यावर नाचते, असे मानणे मुळातच अवघड आहे.

शस्त्रक्रियेने जे खरोखर थांबते, ते या चक्राला बांधलेले असते. माजाच्या काळातील रक्तस्राव, वारंवार थोडेथोडे मूत्र टाकून खुणा करणे, दार उघडे दिसताच बाहेर पळणे, फाटकाशी नरांची गर्दी आणि त्यातून होणारी भांडणे हे सर्व संपते. याहून कमी परिचित, पण घरच्यांना अधिक बुचकळ्यात टाकणारा प्रकार म्हणजे आभासी गर्भधारणा. कुत्री गाभण राहो वा न राहो, माजानंतर प्रोजेस्टेरॉन जवळपास दोन महिने चढेच राहते आणि ते उतरू लागले की प्रोलॅक्टिन हे दूध आणणारे संप्रेरक वाढते. त्यामुळे कधीही न व्यालेली कुत्री पलंगाखाली जागा उकरते, एखादे खेळणे तोंडात धरून ते पिल्लासारखे जपते, तिला दूधही येते आणि त्या खेळण्याजवळ कुणी गेले तर ती गुरगुरते. असे दर माजानंतर घडत असेल, तर नसबंदीनंतर तिच्या वागण्यात पडलेला फरक घरच्यांना ठळकपणे जाणवतो आणि तो खराही असतो.

ऊर्जेचा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्लांची नसबंदी सात आठवड्यांच्या वयात, काहींची सात महिन्यांच्या वयात केली गेली आणि काहींची केलीच नाही; पुढे त्यांच्या वागण्याची तुलना केली असता नसबंदी झालेली पिल्ले, मग ती कोणत्याही वयात झालेली असो, न झालेल्यांपेक्षा किंचित अधिक चळवळी आढळली. प्रयोग छोटा होता आणि त्यावर फार मोठा इमला रचता येणार नाही, परंतु लोकसमजाच्या नेमका उलट जाणारा हा निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगाही नाही. मग शांत झाल्याचा अनुभव इतक्या जणांना का येतो? पहिले कारण अगदी साधे आहे: भूल, वेदनाशामक औषधे आणि टाके यांमुळे कुत्री सुरुवातीचे दिवस मलूल असते. हे मलूलपण मात्र फार टिकत नाही, आणि टाके सुकेपर्यंतचे दहा-चौदा दिवस तिला उड्या मारण्यापासून रोखताना घरच्यांच्या नाकी नऊ येतात.

दुसरे कारण वयात दडलेले आहे. इंग्लंडमधील संशोधकांनी अंधांच्या मदतीसाठी तयार केल्या जाणाऱ्या लॅब्रॅडोर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या संकरित पिल्लांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध केला, त्यात आठ महिन्यांची कुत्री पाच महिन्यांच्या वयात पाळत असलेली 'बस' ही आज्ञा सांभाळ करणाऱ्या माणसाकडून आली तर टाळताना दिसली, अनोळखी माणसाकडून आली तर मात्र नाही. घरच्यांशीच हुज्जत घालण्याचे हे वय माणसांच्या मुलांमध्येही अपरिचित नाही. कुत्र्यांत ते साधारण दीड-दोन वर्षांपर्यंत, मोठ्या जातींत थोडे अधिक काळ चालते आणि नसबंदी बहुधा याच वयाच्या आसपास केली जाते. परिणामी वाढीच्या ओघात आलेल्या समजूतदारपणाचे श्रेय शस्त्रक्रियेच्या पदरात पडते.

तिसरे कारण ताटाशी निगडित असून घरगुती व्यवहारात ते सर्वांत महत्त्वाचे आहे. इस्ट्रोजेनमुळे भूक काहीशी आवरलेली राहते. ते गेल्यावर कुत्री अधिक खाऊ लागते आणि त्याच वेळी वजन टिकवून ठेवण्यासाठी तिला लागणारे अन्न मात्र घटते. बीगल जातीच्या माद्यांवरील एका अभ्यासात अंडाशये काढल्यानंतर वजन पूर्ववत ठेवण्यासाठी आहार सुमारे ३० टक्क्यांनी कमी करावा लागला. भारतीय घरांत पोळीचा तुकडा, दूधभात, चहाबरोबरचे बिस्किट हे कुणीच हिशेबात धरत नसल्याने काही महिन्यांत कुत्री जड होते, जिने चढताना थांबते, दुपारभर लोळते, आणि घरचे समाधानाने म्हणतात की ऑपरेशनने ती निवांत झाली. हा निवांतपणा लठ्ठपणाचा असतो आणि त्याची किंमत सांध्यांना मोजावी लागते.

भीती आणि आक्रमकता यांच्या बाबतीत तर नसबंदीकडून उपचाराची आशा ठेवणे धोक्याचेही ठरू शकते. ब्रिटनमध्ये १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या आणि आधीपासूनच काहीशी गुरगुरणाऱ्या माद्यांमध्ये घरच्या माणसांविषयीची आक्रमकता नंतर वाढली. दक्षिण कोरियात २००६ साली जर्मन शेफर्ड माद्यांवर झालेल्या छोट्या प्रयोगात नसबंदी झालेल्या माद्या अनोळखी माणूस व कुत्रा समोर येताच अधिक तीव्र प्रतिक्रिया देत होत्या. यामागील एक संभाव्य यंत्रणा अशी सांगितली जाते की, प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत तयार होणारा एक घटक झोपेच्या व शामक औषधांच्या जातकुळीतला परिणाम घडवतो आणि अंडाशयांबरोबर तो नैसर्गिक शामकही जातो.

अर्थात हे चित्र दिसते तितके सरळ नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जेम्स सर्पेल यांनी विकसित केलेली, मालकांनी भरावयाची एक सविस्तर प्रश्नावली आता जगभर वापरली जाते. तिच्या आधारे तेरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती तपासून २०१८ साली निघालेला निष्कर्ष बराच मवाळ होता, तो असा की सात ते बारा महिन्यांच्या वयात नसबंदी झालेल्यांत अनोळखी माणसांविषयीची आक्रमकता थोडी अधिक आढळली, इतरत्र लक्षणीय फरक नाही. शिवाय अशा पाहणीत कारण आणि कार्य वेगळे करणे कठीण असते, कारण जी कुत्री आधीच भुंकरी व भित्री आहे, तिचीच नसबंदी मालक घाईने करवून आणतात. तरीही सावध निष्कर्ष एवढा काढता येतो की भित्र्या कुत्रीची भीती शस्त्रक्रियेने जात नाही, आणि तिच्यासाठी प्रशिक्षकाची व पशुवैद्याची मदत आधी घेतलेली बरी.

म्हणून शस्त्रक्रिया करावी की नाही, यापेक्षा केव्हा करावी हा प्रश्न अधिक विचार मागतो. नसबंदी न झालेल्या माद्यांची संख्या मोठी असलेल्या स्वीडनमधील नोंदींनुसार, वयाच्या दहा वर्षांपर्यंत सुमारे चौथा हिस्सा माद्यांना गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार झालेला असतो, त्यामुळे शस्त्रक्रिया टाळत राहणे हा काही शहाणपणा नव्हे. दुसरीकडे, गोल्डन रिट्रीव्हरसारख्या मोठ्या जातींत वर्षाच्या आत नसबंदी केल्यास सांध्यांचे विकार वाढतात, असे कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ पासून दाखवून दिले आहे, आणि हाडांची वाढ थांबवण्यात इस्ट्रोजेनचा वाटा असल्याने ते समजण्यासारखेही आहे. माज संपल्यावर लगेच शस्त्रक्रिया केली, तर चढे प्रोजेस्टेरॉन एकदम कोसळून आभासी गर्भधारणेची लक्षणे उसळतात आणि कधी ती दीर्घकाळ रेंगाळतात. यासाठी जाणते पशुवैद्य माजानंतर दोन-तीन महिने थांबायला सांगतात. ही एक तारीख चुकल्यामुळे 'ऑपरेशननंतर कुत्री चिडचिडी झाली' अशा किती तक्रारी जन्मत असतील, याचा अंदाजच केलेला बरा.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा हिशेब आणखी निराळा. तेथे कायद्याने, म्हणजे २००१ च्या आणि आता २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार, कुत्र्यांना पकडून, नसबंदी करून व रेबीजची लस देऊन, ओळखीसाठी कानाला खाच पाडून मूळ जागी सोडले जाते. महाराष्ट्रात भाद्रपदाशी जोडला गेलेला कुत्र्यांचा माज हा निव्वळ लोकसमज नाही, कारण जयपूरच्या रस्त्यांवरील माद्यांच्या अभ्यासातही पावसाळा सरताना सुरू होऊन हिवाळ्याच्या तोंडापर्यंत चालणारा हंगाम दिसून आला आहे. त्याच शहरात १९९४ पासून चाललेल्या नसबंदी मोहिमेच्या काळात माणसांना कुत्रे चावण्याच्या घटना घटल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदले गेले. पण यावरून तेथील कुत्र्या स्वभावाने मवाळ झाल्या असे म्हणता येत नाही. नवजात पिल्लांजवळून जाणाऱ्या माणसावर आई धावून जाते, आणि ज्या मादीला पिल्लेच होत नाहीत, तिच्यावर तो प्रसंग येत नाही. शेपटीवर पाय पडला तर कानाला खाच असलेली कुत्रीही इतरांइतक्याच तत्परतेने दात दाखवते.