थापटण्याची किमया

नांदेड-लातूरच्या बाजारात पोळ्याआधी येणारे मातीचे बैल बोटांनी घडवलेले असतात. रांजणाचंही मोठं काम हातांचंच. चाकावर उठतो तो फक्त जाड, बुटका आकार. मग आतून गोल दगडाचा आधार देत बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकून कुंभार त्याचं पोट फुगवत नेतो. संत गोरोबाकाका कुंभारांनी संतमेळ्यातली कच्ची-पक्की मडकी, म्हणजे संतांची डोकी, पारखली, ती याच थापटण्यानं, अशी कथा आहे. त्यांचं तेर लातूरशेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तेरणेकाठी. तिथं सापडलेल्या सातवाहनकालीन पांढऱ्या केओलिन मूर्ती तिथल्याच लामतुरे संग्रहालयात जरूर पाहाव्यात: दोन साच्यांत घडवून जोडलेल्या, आतून पोकळ.

आफ्रिकेत हातघडणीला चाकही लागत नाही. नायजेरियाच्या लादी क्वाली (निधन १९८४) मातीच्या वळकट्या एकावर एक रचत भांड्याभोवती स्वतः फिरायच्या. त्यांचं चित्र देशाच्या २० नायराच्या नोटेवर आहे. केनियात जन्मलेल्या मॅग्डलीन ओडुंडो (जन्म १९५०) अबुजात हातघडणी शिकल्या. घोटून चकचकीत केलेली त्यांची भांडी मोकळ्या हवेच्या भट्टीत नारंगी होतात, धूर कोंडला की काळी.

मराठवाड्यातली अडचण मातीचीच. काळी जमीन ओलाव्यानं फुगते, वाळताना भेगाळते. म्हणून कुंभार नदी-तळ्याचा गाळ शोधतो, त्यात राख आणि लीद कालवतो. हे प्रमाण कुठं लिहिलेलं नसतं, तळहाताला कळतं; तेच शिकायला सर्वांत कठीण.